ज्या सकाळी खोऱ्यात धूर नव्हता

नलिनी मॅडमबद्दल मी लिहावं, एवढी माझी त्यांच्याशी ओळख नाही, आणि अधिकार तर मुळीच नाही. त्यांच्याबरोबर पंधरा-वीस वर्षं काम केलेली माणसं पुण्यात आहेत, त्यांनी हे जास्त नीट लिहिलं असतं. मी भोरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेचे पेपर सोडले तर एवढं सलग मी कधी लिहिलेलं नाही. मॅडमची नि माझी ओळख जेमतेम सहा महिन्यांची. काही कमी-जास्त झालं तर वाचणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी माफ करावं... पण त्या सहा महिन्यांत दोन सकाळी अशा आल्या की त्या मॅडमनी वरून पाहिल्या आणि मी खालून. वरून पाहणारं माणूस आता नाही. खालून जे दिसलं ते तरी कुठं लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी हे धाडस करतोय.

फेब्रुवारीत त्या आमच्या कॉलेजात आल्या होत्या. वेल्ह्याच्या बाजूचा, शास्त्र शिकणारा, आणि रोज न चुकता एक काम करील असा मुलगा त्यांना हवा होता. आमच्या सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी शेवटच्या बाकावरचा, वर्गात कधी हात वर न करणारा... सरांनी माझं नाव का घेतलं ते मला अजून समजलेलं नाही. मॅडम बुटक्या, सावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्या हवेचं प्रदूषण मोजतात आणि ते विमानात बसून मोजतात, हे ऐकल्यावर मी माझ्या नकळत उभाच राहिलो. विमान दोन पंख्यांचं, लहानसं. त्याच्या पुढच्या अंगाला बाहेर काढलेल्या नळ्या असतात. त्यांतून बाहेरची हवा आत ओढायची, यंत्रांमधून जाऊ द्यायची आणि जमिनीपासून किती उंचीवर हवेत काय आहे हे टिपत जायचं. खाली बसून वरच्या हवेचा अंदाज बांधणं म्हणजे आडाच्या काठावरून तळाचं पाणी चाखल्यासारखं आहे, असं त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी ते सगळंच्या सगळं कळलं.

मग त्यांनी विचारलं, "घरी राब भाजता का?"

मी चोरी पकडल्यासारखा "थोडासा" म्हणालो. त्यावर त्या इतक्या मोकळ्या हसल्या की माझी अर्धी भीती तिथंच गेली. राब म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. भाताचं रोप जिथं तयार करायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, वाळक्या फांद्या, पाला, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि ते हळूहळू भाजून काढायचं. तण मरतं, राखेवर रोप तरारून येतं. आमच्याकडं मार्गासनीच्या वरच्या वाड्यांपासून पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत मार्च-एप्रिलमध्ये सकाळी वारा पडलेला असला की हे धूर उठतात. शहराच्या हवेतली काजळी या राबांमुळं वाढते, असं कुठल्याशा बैठकीत बोललं गेलं होतं आणि राब बंद करायला लावावेत अशी सूचनाही आली होती. "बोलणाऱ्यांतल्या कुणीच ती हवा मोजलेली नाही," मॅडम म्हणाल्या, "मीसुद्धा नाही. म्हणून आलेय."

आठवड्याभरात आमच्या वाडीच्या शाळेच्या छतावर एक खोकं बसलं. त्यातून वर निघालेली नळी हवा ओढायची आणि आतल्या पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर थोड्या थोड्या वेळानं एक करडा ठिपका उमटायचा. काजळी जितकी जास्त तितका ठिपका काळा. तसंच एक खोकं विमानात होतं. खालचं आणि वरचं एकमेकांशी ताडून पाहायचं, ही त्यातली युक्ती. रोज सकाळी पट्टी तपासायची, वारा कुठून आहे, आभाळ कसं आहे, कुठं काय पेटलंय ते वहीत लिहायचं, हे माझं काम. त्यासाठी एरवी कॉलेजसाठी भोरजवळ उत्रोलीला मावशीकडं राहणारा मी महिनाभर घरी येऊन राहिलो. खोकं बसवायला मॅडमचे मदतनीस निखिलदादा आले होते. नळी आवळता आवळता त्यांनी हळूच सांगितलं की मॅडमची तब्येत बरी नसते, या उन्हाळ्यानंतर डॉक्टर त्यांना विमानात बसू देणार नाहीत. "बरीच वर्षं त्यांना हे डोंगर मोजायचेत. आत्ता कुठं मंजुरी मिळाली. तुमच्या खोऱ्यासाठी एकच उड्डाण आहे, सागर. एकच. म्हणून खाली सगळं नीट पाहिजे."

सगळं नीट पाहिजे, हे वाक्य मी मनात धरून ठेवलं. आणि त्याचाच घोळ केला.

वाडीत सगळे मला विचारायचे, विमान काय मोजणार? मी सांगायचो, आपल्या खोऱ्याची हवा कशी आहे ते. मोजणं म्हटलं की मला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे मार्क. लहानपणापासून मला ज्यांनी ज्यांनी मोजलं ते मार्कांनीच मोजलं. आमच्या वाडीची परीक्षा आहे, वरून बघायला माणसं येणार आहेत, आणि आपण पास झालं पाहिजे, असं माझ्या डोक्यात कधी बसलं ते मलाही कळलं नाही. उड्डाणाच्या आदल्या दिवशी मी घरोघर फिरलो आणि उद्या कुणी राब पेटवू नका, असं सांगितलं. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दोन राब रचून तयार ठेवले होते, त्यांनी काड्यापेटी बंडीच्या खिशात परत टाकली. शेजारच्या सखूआत्यांना तर ते लगेच पटलं. "पाव्हणं दारात आल्यावं त्यांच्या डोळ्यांत धूर घालायचा व्हय? न्हाई पेटवत जा. उंद्या चूलबी उशिरा लावते."

वरच्या धनगरवाड्यापर्यंत निरोप गेला. त्या सकाळी अख्ख्या खोऱ्यात एक काडी कुणी ओढली नाही.

ती सकाळ मी विसरणार नाही. साडेसातच्या सुमाराला उत्रोलीहून मावशीचा फोन, "आत्ता गेलं बघ तुझं विमान आंबवड्याच्या अंगानं. लई खाली हुतं, कोंबड्या सैरावैरा पळाल्या." मी छतावर खोक्याला टेकून उभा. खाली शाळेच्या पटांगणात सगळी वाडी, आणि बायकांनी तर चांगली लुगडी नेसलेली. मग तो आवाज आला, आधी डोंगरावर आपटून परत आलेला, मग खरा. पांढरं, टिचभर विमान उन्हात चमकलं आणि गोल गोल फिरत एकेक पायरी चढावी तसं वर जाऊ लागलं. प्रत्येक फेरीला मी वेळ लिहीत होतो. त्या विमानात माझ्या ओळखीचं माणूस आहे, ते आत्ता आमच्या डोक्यावरची हवा ओढून घेतंय... आमच्या खोऱ्याकडं इतकं निरखून कुणी कधी पाहिलं असेल? पट्टीवरचा ठिपका अगदी फिका आला. मी वहीत लिहिलं, 'राब : नाही'. आणि पहिला नंबर आल्यासारखा जिना उतरलो.

तिसऱ्या दिवशी मॅडम वाडीत आल्या. शाळेच्या ओट्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला, त्यावरच्या रेघा मला दाखवल्या. चेहरा ओढलेला होता. राबाचा ऐन हंगाम, वारा पडलेला, आभाळ निरभ्र... मग धूर कुठं गेला, त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखर न उमगल्याचं आश्चर्य होतं. आणि तेव्हा मला लख्ख कळलं की मी काय करून बसलोय. त्या धूरच मोजायला आल्या होत्या. मी तो लपवून ठेवला होता. तोंडातून निघून गेलं, "मॅडम, दव होतं त्या दिवशी. पाला ओला होता."

तेवढ्यात सखूआत्या चहा घेऊन आल्या. कप मॅडमच्या हातात देत त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "मंग बाई, कसं हुतं आमचं आभाळ? हा सागर घरोघर हिंडला, म्हणून कुणी काडी न्हाई वढली बगा. एकदम सोच्छ."

मी मान खाली घातली. निखिलदादांनी कपाळाला हात लावला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, एकच उड्डाण होतं रे... मॅडम कप तसाच हातात धरून उठल्या आणि पटांगणाच्या कडेला जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. समोर खोरं पसरलेलं, आणि दोन दिवस अडकलेले राब त्या सकाळी ठिकठिकाणी धुमसत होते. सखूआत्यांना आपलं काय चुकलं ते समजेना, त्या मला खुणेनं विचारत होत्या आणि मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं.

मॅडम वळल्या तेव्हा त्यांचे डोळे वेगळेच दिसत होते. भरभर चालत आल्या आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसल्या. "सागर, तुला कळतंय का तू काय दिलंयस? मी हात जोडून मागितलं असतं तरी एवढं मोठं खोरं माझ्यासाठी एक सकाळ कुणी थांबवलं नसतं." मग त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून समजावलं. राबाचा धूर नसतानाची हवा आता मोजून झालेली आहे. त्या हवेतही जी काजळी सापडेल ती आमची नाही, दुसरीकडून आलेली. आता फक्त राब पेटलेल्या सकाळची हवा मिळाली, की एकातून एक वजा करायचं. बेरीज-वजाबाकी, बस. बोलता बोलता त्यांचा चहा सांडला, तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं. निखिलदादांकडं वळून त्यांनी विचारलं, दुसऱ्या खोऱ्याचं उड्डाण शिल्लक आहे ना, ते सोडून देऊ, ते इकडं मागू. दादा म्हणाले, देतील का? मॅडम म्हणाल्या, "नाही कसं म्हणतील? मी दारात बसेन."

जाताना मात्र मला बाजूला घेतलं. राब थांबवलेस त्याचं मला काही वाटत नाही, म्हणाल्या. "पण दव होतं म्हणालास ना, ते पुन्हा करू नकोस. पुढं तू कितीही मोठा झालास तरी नको." आणि वही उघडून माझ्या हातात पेन दिलं. मी 'राब : नाही' च्या पुढं लिहिलं, 'कारण, मी सांगितलं म्हणून'. त्यांनी ते वाचलं आणि खाली सही केली.

दुसरं उड्डाण मिळवायला त्यांना पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मी फोन उशाशी सोडा, हातातून खाली ठेवला नाही. मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. ओरडलो असेन, कारण म्हैस दाव्याला हिसडा देऊन उभी राहिली आणि आबा काठी घेऊन धावत आले. पण आता वेगळंच संकट उभं राहिलं. बाईंना धूर पाहिजे म्हटल्यावर वाडीनं कंबर कसली. सखूआत्यांनी राबावर ओला पाला टाकायचं ठरवलं. "वल्ल्याचा धूर लई हुतो. बिचारीचं इमान मोकळं कशापायी पाठवायचं?" मी फोन लावून मॅडमना सांगितलं. त्या हसून हसून बेजार झाल्या, मग म्हणाल्या, आत्यांना दे. आत्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरलेला, त्यामुळं मॅडमचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "आत्या, माझ्यासाठी विझवू नका आणि माझ्यासाठी वाढवूही नका. मी येणारच नाहीये असं समजा."

"अवो पर तुमी येनार हाय की," आत्या म्हणाल्या.

तरी त्यांनी ऐकलं. ज्यांचे राब रचलेले होते त्यांनी ते त्या सकाळी नेहमीच्या वेळी पेटवले. मी खोकं लावून शाळेच्या वरच्या टेपाडावर चढलो होतो, तिथून सगळं दिसत होतं. एक धूर उठला, आमचा. मग आत्यांचा. मग पलीकडच्या वाडीत दोन, ओढ्याच्या अंगाला चार, आणि मग इतके की वेळ आणि जागा लिहिता लिहिता माझी दमछाक झाली. विमान आलं. सरळ उभे चढणारे ते धूर, आणि त्यांच्या मधून ते चकरा मारत वर चाललेलं... खालून वाटत होतं की कुणीतरी आमच्या खोऱ्याला सुईदोऱ्यानं टाके घालतंय. मी टेपाडावर एकटाच होतो. दोन्ही हात वर करून मी काय ओरडलो ते मला आठवत नाही.

दुपारी मॅडमचा फोन आला. धापा टाकत बोलत होत्या, दम लागला म्हणून मधे थांबायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. "सागर, विमानात शेणाचा वास आला. पायलट नाक मुरडत होता आणि मी हसत होते." मग त्यांनी वरून काय दिसलं ते सांगितलं. घरात चुलीचा धूर आढ्याला लागतो आणि तिथून आडवा पसरतो, तसं सकाळी आमच्या खोऱ्याच्या हवेलाही एक आढं होतं. सगळे धूर सरळ त्या उंचीपर्यंत गेले आणि तिथं आडवे झाले, सपाट, जणू वरून कुणी पाट ठेवलाय. विमान त्या आढ्यातून वर निघालं की आकडे एकदम खाली यायचे, पुन्हा आत शिरलं की उसळायचे. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं उडतेय, पण असं रेघ मारल्यासारखं कधी पाहिलं नव्हतं. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा तो फोन मला जास्त शिकवून गेला.

मी भीत भीत विचारलं, मग राबाचा दोष नाही ना? कागदाच्या पट्ट्या तपासायला, पुन्हा पुन्हा ताडायला काही महिने जातील, म्हणाल्या. उत्तर काहीही येऊ शकतं, आमच्या विरुद्धसुद्धा. आणि विरुद्ध आलं तर? "तर तसं लिहायचं," मॅडम म्हणाल्या. "आणि ते वाडीत येऊन सांगायचं, चहा पिऊन."

त्यानंतर त्यांची भेट एकदाच झाली, जूनच्या अखेरीला, पुण्यात. मी खोक्याच्या उरलेल्या पट्ट्या पोचवायला त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. त्यांनी डोक्याला ओढणी गुंडाळली होती, मनगटं काडीसारखी झाली होती. उडणं बंद झालंय, हे त्यांनी पाऊस थांबलाय म्हणावं तितक्या सहज सांगितलं आणि मला ओढतच पडद्यापाशी नेलं. दोन सकाळींच्या दोन रेघा एकावर एक ठेवलेल्या. त्या बोट फिरवत होत्या, इथं बघ, ही खाली कशी फुगलीये, आणि हे वरचं बघ, दोन्ही दिवशी आहे, हे कुठून आलं असेल, सांग? मी चुकत होतो आणि त्या प्रत्येक चुकीवर आणखी खूष होत होत्या. दोन तास कसे गेले कळलं नाही. शेवटची एक तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून यायची होती. ती आली की उत्तर आधी मला आणि मी ते आबांना सांगायचं, असं ठरलं. निघताना मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी मधेच धरलं, म्हणाल्या, एम.एस्सी.चा अर्ज भरायचा, मग पड.

जुलैच्या शेवटी आमच्या खाचरात लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात आबा, मी, सखूआत्या ओळीनं वाकलेलो. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावर ठेवलेला, कारण रेंज तिथंच मिळते. वाजला. पिशवीतून नाव दिसत होतं, मॅडमचं. हातातली रोपांची मूठ मी तशीच पाण्यात टाकली आणि धावलो. दोनदा घसरलो. ओल्या हातानं फोन उचलला जाईना, शेवटी उचलला गेला, आणि मी नमस्कार न करताच म्हणालो, "मॅडम, आलं का उत्तर?"

निखिलदादा होते. म्हणाले, सागर, उत्तर आलंय, नीट ऐक. ते एकेक शब्द मोजून, पाठ केल्यासारखं बोलत होते. खोऱ्यात धूर नव्हता त्या सकाळीही आढ्याच्या वर काजळी होती. ती लाकडा-पाल्याची नाही, गाड्यांच्या धुरासारखी आहे, आणि तिथं वरचा वारा त्या दिवशी शहराकडून होता. म्हणजे त्या सकाळी शहराचा धूर आमच्याकडं आलेला. राबाचा धूर बहुतेक सगळा आढ्याच्या खालीच राहिला, डोंगराच्या पलीकडं फार थोडा गेला. पण म्हणून सुटलो असं समजायचं नाही. तो खालीच राहतो, म्हणजे सकाळभर आमच्याच बायका-माणसांच्या छातीत जातो, आणि हेही वाडीत तितक्याच स्पष्ट सांगायचं. दोनच सकाळींवरून सगळं ठरत नाही, पुढं आणखी मोजावं लागेल. पण या दोन सकाळींबद्दल शंका उरलेली नाही.

मी खाचरातल्या आबांकडं बघून हात हलवला. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, सखूआत्याही उभ्या राहिल्या. माझ्या तोंडावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, कारण आबा हसायला लागले होते. मी फोनमध्ये म्हणालो, दादा, मॅडमना द्या ना, मला त्यांच्याशी बोलायचंय.

रेंज गेली वाटून मी बांधावर आणखी वर चढलो.

"सगळं त्यांनी परवाच वाचलं, दोनदा," दादा म्हणाले. "मला लिहून दिलं होतं, काय सांगायचं, कुठल्या क्रमानं. आधी उत्तर पूर्ण सांग म्हणाल्या, नाहीतर त्याला ते ऐकूच येणार नाही. मग माझं सांग... सागर, मॅडम काल दुपारी गेल्या."